विश्लेषण : व्हेंटिलेटर घरी आला, पुढे काय? एड रॉबर्ट्स यांच्या आयुष्यातून काय शिकता येईल?

रुग्णाला व्हेंटिलेटरसह घरी नेणे ही गोष्ट वाशी, नेरुळ, खारघरसारख्या वसाहतींत आता नवलाची राहिलेली नाही. यंत्र भाड्याने मिळते, ब्युरोकडून परिचारिका किंवा मावशी येते आणि घरातली एक खोली रुग्णालयासारखी सजते. पण श्वास चालू ठेवण्याची सोय झाल्यावर त्या माणसाने जगायचे कसे, त्याची देखभाल कोणी करायची आणि खर्च कोणी उचलायचा, हे प्रश्न त्या कुटुंबापुरतेच राहतात. हेच प्रश्न सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका घरासमोर उभे राहिले होते. त्या घरातला मुलगा पुढे ४० वर्षांहून अधिक काळ श्वसनयंत्राच्या आधाराने जगला, शिकला, मोठ्या सरकारी पदावर पोहोचला आणि अपंगांच्या हक्कांच्या जागतिक चळवळीचा एक प्रवर्तक ठरला. त्याचे नाव एड रॉबर्ट्स. त्याच्या आयुष्याचा आणि आजच्या नवी मुंबईतील गरजेचा हा आढावा.

घरच्या व्हेंटिलेटरची मागणी का वाढते आहे?

पोलिओमुळे श्वसनाचे स्नायू निकामी होणे ही भारतात आता इतिहासजमा गोष्ट आहे. देशातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या भागाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र दिले. पण श्वास दुबळा करणारी इतर कारणे आहेतच. मोटर न्यूरॉन आजार, स्नायू झिजवणारी मस्क्युलर डिस्ट्रॉफी, अपघातात मानेजवळ मज्जारज्जूला झालेली इजा, दीर्घकालीन फुप्फुसविकार अशा अनेक रुग्णांना महिनोन् महिने, काहींना आयुष्यभर यंत्राची मदत लागते. अतिदक्षता विभागातले वैद्यकीय काम संपलेले असते, पण यंत्र काढता येत नाही. अशा वेळी रुग्णालयाचे दररोज वाढणारे बिल आणि घरच्यांची ओढाताण पाहता घरी नेणे हाच मार्ग उरतो. यंत्रेही लहान झाली आहेत. करोनाकाळात बायपॅप, ऑक्सिमीटर, कॉन्सन्ट्रेटर हे शब्द घरोघरी पोहोचले. शिवाय सिडकोने १९७० पासून वसवलेल्या या शहरात तरुणपणी राहायला आलेली पहिली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे.

एड रॉबर्ट्स कोण होते?

एडचा जन्म २३ जानेवारी १९३९ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन मॅटेओ येथे झाला. चार भावांतला तो थोरला. वडील व्हर्न रेल्वेत नोकरीला, आई झोना घर सांभाळणारी. एड खेळात रमणारा होता आणि अभ्यासात त्याचे फारसे लक्ष नव्हते. १९५३ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी त्याला पोलिओ झाला. जोनास साल्क यांची लस परिणामकारक असल्याचे जाहीर झाले ते एप्रिल १९५५ मध्ये, म्हणजे एडसाठी दोन वर्षे उशिरा.

पोलिओच्या विषाणूने त्याच्या मानेखालचे जवळजवळ सगळे स्नायू निकामी केले. एका हाताची दोन बोटे आणि पायाची काही बोटे एवढीच काय ती हलत. छातीचे स्नायू आणि श्वासपटल काम करेनासे झाल्याने स्वतःहून श्वास घेणेही बंद झाले. मुलगा वाचला तर तो निव्वळ भाजीपाल्यासारखा पडून राहील, त्यापेक्षा गेलेला बरा, अशा आशयाचे बोलणे डॉक्टरांनी आईजवळ केले होते आणि ते त्याच्याही कानावर पडले होते. पुढे भाषणांत एड हा प्रसंग हसत सांगत. भाजीच व्हायचे तर आपण आर्टिचोक व्हायचे ठरवले, असे ते म्हणत. ही भाजी आपल्याकडच्या फणसासारखी, बाहेरून काटेरी आणि आतून कोवळी.

पण हा विनोद नंतरचा. त्या वेळी मुलाने जगण्याची इच्छाच सोडली होती. हातपाय हलत नसल्याने आत्महत्येचा एकच मार्ग त्याच्या हाती होता, तो म्हणजे अन्न नाकारणे. त्याने तेच केले. नळीने अन्न द्यावे लागले, वजन भयानक घटले. शेवटची खासगी परिचारिका निघून गेली त्या दिवशी, आता जगायचे की नाही हे आपल्यालाच ठरवायचे आहे, हे त्याला उमगले आणि त्याने जेवायला सुरुवात केली.

‘लोखंडी फुप्फुस’ म्हणजे काय?

एडला जगवणारे यंत्र ‘आयर्न लंग’ म्हणून ओळखले जाई. हार्वर्ड विद्यापीठातील फिलिप ड्रिंकर आणि लुई अ‍ॅगासी शॉ यांनी ते बनवले आणि ऑक्टोबर १९२८ मध्ये बोस्टनच्या बालरुग्णालयात ते प्रथम वापरले गेले. धातूच्या मोठ्या पिंपात रुग्णाला झोपवायचे, फक्त डोके बाहेर ठेवायचे. पंपाने पिंपातील हवेचा दाब कमी झाला की छाती फुगते आणि नाकातोंडावाटे हवा आत जाते. दाब पूर्ववत झाला की छाती बसते आणि हवा बाहेर पडते.

आजचे व्हेंटिलेटर याच्या उलट चालतात. ते छातीभोवतीचा दाब कमी करत नाहीत, हवाच दाबाने आत ढकलतात. या पद्धतीला बळ मिळाले ते १९५२ च्या कोपनहेगनमधील पोलिओच्या साथीत. लोखंडी फुप्फुसे अपुरी पडल्यावर भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी रुग्णांच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी घातली आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना हाताने पिशवी दाबून श्वास द्यायला लावले. सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हे काम केले. आधुनिक अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथून मानली जाते.

आज घरी दोन प्रकारे यंत्र वापरले जाते. काहींना नाकावर किंवा तोंडावर मास्क लावून, बहुधा रात्रीपुरता आधार पुरतो. झोपेत दुबळे स्नायू आणखी मंदावतात, शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि सकाळी डोके जड होणे, दिवसा गुंगी येणे अशी लक्षणे दिसतात. रात्रीच्या यंत्राने हे टळते. इतरांना गळ्यातील छेदातून, म्हणजे ट्रॅकिओस्टॉमीतून, बराच वेळ किंवा चोवीस तास श्वास द्यावा लागतो. कॉन्सन्ट्रेटर हे मात्र व्हेंटिलेटर नव्हे. तो प्राणवायूचे प्रमाण वाढवतो, श्वास घेण्याचे श्रम करत नाही. स्नायू दुबळे असलेल्या रुग्णाला नुसता प्राणवायू देत राहिल्यास कार्बन डायऑक्साइड वाढण्याचा धोका असतो.

घरी परतल्यावर काय झाले?

सुमारे दीड वर्ष रुग्णालयात काढून एड घरी आला आणि त्याच्याबरोबर लोखंडी फुप्फुसही आले. रात्र त्यात जाई, दिवसाही विश्रांतीसाठी त्यात परतावे लागे. मधल्या काळात बाहेर राहता यावे म्हणून तो श्वासाची एक युक्ती शिकला. बेडूक जसा गळा हलवून हवा आत घेतो, तशी जीभ आणि घसा वापरून हवेचे लहान लहान घोट फुप्फुसांत ढकलायचे. यंत्राबाहेरचे त्याचे कित्येक तास या घोटांवर निभावत. ही युक्ती जागेपणीच चालते. झोप लागली की यंत्राशिवाय गत्यंतर नसे.

हा सगळा भार प्रामुख्याने आईवर होता. अंघोळ, कपडे, जेवण, कूस बदलणे, रात्री यंत्राकडे कान ठेवून झोपणे आणि बरोबरीने धाकट्या तीन मुलांचे संगोपन. घरचा व्हेंटिलेटर म्हणजे घरातल्या एका बाईची न संपणारी पाळी, ही आजच्या बहुतेक घरांतली स्थिती तेव्हाही तशीच होती. झोना यांनी मात्र एक गोष्ट आरंभापासून ओळखली होती. मुलाला नुसते जपून ठेवले तर तो घरातच संपेल.

शाळेचा दाखला का अडला?

एड घरूनच शाळा शिकत होता. शाळेतील वर्ग आणि त्याची खोली दूरध्वनीच्या तारेने जोडली होती. करोनाकाळातील ऑनलाइन वर्गांचेच ते जुने रूप. पण शेवटच्या वर्षी आईने हट्ट धरला की, आठवड्यातून एकदा तरी प्रत्यक्ष शाळेत जायचे. लोक टक लावून पाहतील या भीतीने तो कासावीस होता. तसेच झाले. अंगणात खुर्ची येताच सगळ्यांच्या नजरा वळल्या. त्याने उलट त्यांच्याकडे पाहिले, तेव्हा त्यांनी नजरा खाली घातल्या. पाहणाऱ्यांचा संकोच हा त्यांचा प्रश्न आहे, आपला नाही, हे त्याला त्या दिवशी कळले, असे ते पुढे सांगत.

अभ्यास पूर्ण झाला आणि शाळेने पदविका अडवली. कारण काय, तर शारीरिक शिक्षण आणि मोटार चालवण्याचे प्रशिक्षण हे दोन विषय झालेले नाहीत. मानेखाली हालचाल नसलेल्या मुलाला हे कारण दिले गेले. झोना यांनी मुख्याध्यापकांशी वाद घातला, त्यांच्या वरिष्ठांकडे धाव घेतली, तेव्हा शाळा मंडळाने पदविका मंजूर केली. नियमावर बोट ठेवणाऱ्या यंत्रणेशी कसे भांडायचे, याचा पहिला धडा एडला आईकडून मिळाला.

विद्यापीठाने आधी नकार का दिला?

सॅन मॅटेओच्या स्थानिक महाविद्यालयातून एड यांनी बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात राज्यशास्त्र शिकण्यासाठी अर्ज केला. अर्जात अपंगत्वाचा उल्लेख नव्हता आणि प्रवेश मिळाला. खर्चासाठी त्यांनी राज्याच्या पुनर्वसन खात्याकडे मदत मागितली. खात्याच्या समुपदेशकाने ती नाकारली. एवढे तीव्र अपंगत्व असलेला माणूस कधीही नोकरी करू शकणार नाही, तेव्हा त्याच्या शिक्षणावर सरकारी पैसा खर्च करणे व्यवहार्य नाही, असा तो निर्णय होता. महाविद्यालयातील अधिकारी पाठीशी उभे राहिले, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या आणि खात्याला माघार घ्यावी लागली.

पुढची अडचण विद्यापीठातच होती. असा प्रयोग पूर्वी करून पाहिला आणि तो फसला, अशा सुरात एका अधिकाऱ्याने त्यांची बोळवण करू पाहिली. शिवाय सुमारे ३६० किलो वजनाचे यंत्र ठेवता येईल अशी वसतिगृहातील खोलीच नव्हती. विद्यापीठाच्या आरोग्य सेवेचे प्रमुख डॉ. हेन्री ब्रुइन यांनी तोडगा काढला. परिसरातील कॉवेल रुग्णालयाचा एक भाग रिकामा होता. तिथे एड यांनी राहावे, असे ठरले.

इथे एड यांनी एक अट घातली आणि तीच पुढच्या सगळ्याची मुळाक्षरे ठरली. इमारत रुग्णालयाची असली तरी आपली खोली वसतिगृहाची खोली मानली जावी. आपण रुग्ण नाही, विद्यार्थी आहोत. कोणी भेटायला यायचे, केव्हा झोपायचे, काय खायचे हे आपण ठरवणार. विद्यापीठाने ते मान्य केले. १९६२ च्या शरद ऋतूत ते बर्कलेत दाखल झाले. त्याच सुमारास मिसिसिपी विद्यापीठात जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून दंगल उसळली होती.

मदतनीस कोणी निवडायचा?

बर्कलेत एड यांना आईची जागा घेणारी दुसरी आई नको होती. राज्याकडून मिळणाऱ्या मदतीतून ते पगारी मदतनीस ठेवत. त्यांना निवडणे, काम शिकवणे, वेळा ठरवणे आणि पटले नाही तर काढून टाकणे हे सगळे ते स्वतः करत. वरवर साधी वाटणारी ही व्यवस्था तेव्हा नवी होती. रुग्णालयात रुग्ण परिचारिकेच्या वेळापत्रकानुसार जगतो. इथे वेळापत्रक त्या माणसाचे होते. मदत दुसऱ्याच्या हातांची असली तरी निर्णय स्वतःचा राहतो, या विचारालाच पुढे ‘स्वतंत्र जीवन’ असे नाव पडले. स्वतंत्र म्हणजे कोणाच्याही मदतीशिवाय जगणारा, हा समज त्यांनी बाजूला सारला.

त्यांच्यामागोमाग जॉन हेस्लर आणि इतर तीव्र अपंगत्व असलेले विद्यार्थी कॉवेलमध्ये आले. दशकाअखेरीस त्यांची संख्या डझनभर झाली. त्यांनी स्वतःला ‘रोलिंग क्वाड्स’ असे नाव घेतले. एका समुपदेशकाने दोघा विद्यार्थ्यांना तिथून हलवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा सगळे एकवटले, वर्तमानपत्रांकडे गेले आणि अखेर त्या समुपदेशकाचीच बदली झाली. बर्कले नगर परिषदेने १९७१ मध्ये पदपथांना उतार करण्याचे धोरण स्वीकारले, त्यामागेही या गटाचा रेटा होता.

१९७० मध्ये विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांसाठी वेगळा उपक्रम सुरू झाला. त्याची कामे फार बोलकी होती. मदतनीसांची नोंदवही, बंद पडलेल्या खुर्च्यांची तातडीने दुरुस्ती, सोयीचे भाड्याचे घर शोधून देणे आणि सरकारी मदतीचे अर्ज भरून घेणे. डॉक्टर यात कुठेच नव्हते. रोजचे जगणे अडते ते बहुधा या चार ठिकाणी, हे तिथल्या विद्यार्थ्यांना अनुभवाने ठाऊक होते. विद्यार्थी नसलेले अपंग शहरवासीयही मदत मागायला येऊ लागले. त्यातून १९७२ मध्ये बर्कलेचे ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ उभे राहिले आणि थोड्याच काळात त्याची सूत्रे एड यांच्याकडे आली. आज अमेरिकेत अशी सुमारे ४०० केंद्रे आहेत. झोना यांनी पतीच्या निधनानंतर स्वतः बर्कलेत शिक्षण घेतले आणि मदतनीस मिळवून देण्याच्या कामात त्याही सहभागी झाल्या.

बॅटरीवरच्या खुर्चीची गोष्टही या काळातलीच. दोन बोटांच्या बळावर ती चालवता येणार नाही, असे एड यांना सांगण्यात आले होते आणि त्यांनीही ते मानले होते. मग ते प्रेमात पडले. प्रत्येक भेटीत खुर्ची ढकलणारा मदतनीस सोबत असणे सोयीचे नव्हते. कळ उलटी बसवून घेतली, तेव्हा बोटांनी मागे ओढून खुर्ची चालवता येऊ लागली. वर्षानुवर्षे अशक्य म्हटलेली गोष्ट एका लहानशा बदलाने सुटली.

नाकारणाऱ्या खात्याचेच प्रमुख कसे झाले?

१९७५ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी एड यांची राज्याच्या पुनर्वसन खात्याच्या संचालकपदी नेमणूक केली. नोकरीसाठी कायमचे अपात्र ठरवणारे खाते हेच. १९८३ पर्यंत ते या पदावर होते. स्वतंत्र जीवन केंद्रे राज्यभर उभी करण्यावर त्यांनी भर दिला आणि तीव्र अपंगत्व असलेल्यांना आधी वगळण्याची खात्याची वृत्ती बदलायला लावली.

संचालक असतानाच १९७७ मध्ये त्यांनी आंदोलकांचीही बाजू घेतली. सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांनी अपंगांशी भेदभाव करू नये, अशी तरतूद १९७३ च्या कायद्याच्या कलम ५०४ मध्ये होती, पण तिचे नियम रखडले होते. एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील केंद्रीय कार्यालयात अपंग आंदोलकांनी ठिय्या दिला. ज्युडी ह्यूमन यांच्यासारखे नेते आत होते. श्वसनयंत्र, औषधे, मदतनीस यांच्याविना राहणे जिवावर बेतू शकते अशी माणसे तीन आठवड्यांहून अधिक काळ तिथे राहिली. एड यांनी राज्याचे अधिकारी असूनही जाहीर पाठिंबा दिला. २८ एप्रिल रोजी नियमांवर स्वाक्षरी झाली. १९९० चा अमेरिकी अपंग हक्क कायदा याच पायावर उभा राहिला.

१९८३ मध्ये त्यांनी ज्युडी ह्यूमन आणि जोन लिऑन यांच्यासह ‘वर्ल्ड इन्स्टिट्यूट ऑन डिसॅबिलिटी’ स्थापन केली. पुढच्याच वर्षी त्यांना मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाली. त्यांनी विवाह केला होता, तो पुढे टिकला नाही, पण मुलाच्या संगोपनात ते रमले. लोखंडी फुप्फुसाची सोबत शेवटपर्यंत सुटली नाही, मात्र दिवसा खुर्चीवर बसवलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या व्हेंटिलेटरची नळी तोंडाजवळ ठेवून ते फिरत, व्याख्याने देत, विमानाने परदेशी जात. १४ मार्च १९९५ रोजी बर्कलेतील घरी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय ५६ होते. त्यांची खुर्ची आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. बर्कलेत २०१० मध्ये रेल्वे स्थानकाला लागून उभ्या राहिलेल्या, अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या संकुलाला त्यांचे नाव दिले आहे.

नवी मुंबईला यातून काय घेता येईल?

पहिली गोष्ट विजेची. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रीडमधील बिघाडाने मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा वीजपुरवठा काही तास बंद पडला. रुग्णालयांकडे जनरेटर होते. घरी यंत्रावर असलेल्यांची भिस्त बॅटरी आणि इन्व्हर्टरवर होती. बराच वेळ यंत्रावर असलेल्या रुग्णाच्या घरी यंत्राची पर्यायी बॅटरी, शक्यतो दुसरे यंत्र, हाताने श्वास देण्याची अंबू बॅग आणि ती वापरता येणारी किमान दोन माणसे असायला हवीत, असे तज्ज्ञांचे सर्वसाधारण मत असते. गळ्यातून नळी असेल तर सक्शन मशीनही लागते. अशा घरांची नोंद वीज कंपनीकडे असली तर पूर्वनियोजित भारनियमनाची आगाऊ सूचना तरी देता येईल.

दुसरी गोष्ट मदतनीसाची. ब्युरोची मावशी मनाने कितीही चांगली असली तरी नळीतला कफ काढणे किंवा यंत्राचा इशारा ओळखणे हे तिला कोणी शिकवलेले असेलच असे नाही. ती सुटीवर गेली की भार पुन्हा बायको, आई किंवा सुनेवर येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. केरळमध्ये अंथरुणाला खिळलेल्यांची देखभाल करणाऱ्यांसाठी ‘आश्वासकिरणम’ ही योजना आहे. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी मात्र अजून रुग्णालयात दाखल होण्याभोवतीच फिरतात, त्यामुळे घरी नेल्यावर खर्च खिशातूनच होतो.

तिसरी गोष्ट घराबाहेर पडण्याची. वाशी-नेरुळच्या जुन्या सिडको इमारतींपैकी अनेक चार मजली आणि लिफ्टविना आहेत. यंत्र खुर्चीवर बसवता येते, पण खुर्ची जिना उतरू शकत नाही. या इमारतींचा पुनर्विकास सुरू असताना लिफ्ट, उतार आणि रुंद दरवाजे यांचा आग्रह धरायला हीच वेळ आहे. शहराकडे या कामासाठी पाया आहे. महापालिकेचे वाशीतील ईटीसी केंद्र दिव्यांग मुलांच्या शिक्षण आणि प्रशिक्षणासाठी ओळखले जाते, खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. मदतनीसांची नोंदवही आणि यंत्रदुरुस्तीची सोय ही बर्कलेतली दोन साधी कामे अशा ठिकाणी सुरू होऊ शकतात.

चौथी गोष्ट निर्णयाची. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये जीवनेच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. बरे होण्याची आशा नसताना यंत्र नको, असे आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार त्यामुळे मिळाला. मात्र याची दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे. यंत्रावरचे जगणे जगण्यालायक नाही, हे डॉक्टर किंवा नातेवाईक परस्पर ठरवू शकत नाहीत. १९५३ मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाबद्दल ते जवळजवळ ठरवून टाकले होते. तो पुढे ४२ वर्षे जगला. त्यात यंत्राचा वाटा मोठा होता, पण सांभाळणारी आई, पगारी मदतनीस, दुरुस्त होणारी खुर्ची, उताराचे पदपथ आणि स्वतः निर्णय घेण्याची मुभा यांतले काहीही नसते, तर तेच यंत्र त्याला एका खोलीत श्वास घेत ठेवण्यापलीकडे फारसे काही करू शकले नसते. नवी मुंबईत यंत्र आता सहज मिळते. बाकीच्या गोष्टी पुरवण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरणे अजून बाकी आहे.